लीड कुणाचं, बूथ कुणाचा

३,२९,८४६. ४ जून २०२४ ला उस्मानाबाद लोकसभेचा निकाल लागला, तेव्हा ओमप्रकाश राजेनिंबाळकर यांच्या लीडचा आकडा हा होता. त्यांना ७,४८,७५२, समोरच्या अर्चना पाटील यांना ४,१८,९०६. गुलाल उधळला, डीजे लागले, जेसीबीतून हार घातले गेले. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी लिहिलं : संविधानाच्या मुद्द्यावर दलित मतं एकगठ्ठा फिरली. झालं. आमच्यावर एवढीच ओळ. गठ्ठा म्हणे. गोदीत आम्ही गठ्ठे उचलतो, गठ्ठ्याला तोंड नसतं हे आम्हाला ठाऊक आहे.

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय मुंबईवर लिहायचं ठरलं होतं. पण गेले कित्येक महिने ज्याला त्याला बोलताना ऐकतोय. सिद्धार्थ कॉलनीत, रमाबाई नगरात, चेंबूरला, जो तो सांगतो की २०२४ ला आपण दाखवून दिलं. काय दाखवून दिलं? कुणाला? आणि ज्या खेड्यातल्या वस्तीनं हे दाखवून दिलं तिचं पुढं काय झालं, हे विचारायला कोण गेलं? मी धाराशिव जिल्ह्याचा आहे. माझं मत तिथल्या यादीत आहे, कळंब तालुक्यात. म्हणून मी विचारतो.

आधी ही जागा नीट बघा. २००९ पासून ती खुली आहे. २००९ ला पद्मसिंह पाटील सात हजारांच्या आतल्या फरकानं निवडून आले. २०१४ ला रवींद्र गायकवाडांनी त्यांना २,३४,३२५ मतांनी पाडलं. (हेच ते गायकवाड. २०१७ ला विमान कंपनीच्या माणसाला चपलेनं मारलं आणि किती वेळा मारलं ते कॅमेऱ्यासमोर मोजून सांगितलं.) २०१९ ला ओमराजेंनी पद्मसिंहांच्या मुलाला, राणाजगजितसिंहांना, १,२७,५६६ नी हरवलं. २०२४ ला त्याच घरातल्या सुनेला हरवलं. पद्मसिंह आणि ओमराजेंचे वडील पवनराजे, ज्यांचा २००६ साली खून झाला, हे एकमेकांचे चुलतभाऊ. म्हणजे बघा, वीस लाखांच्या घरात मतदार, सहा विधानसभा मतदारसंघ, औसा लातूर जिल्ह्यातला आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, आणि एवढ्या सगळ्यांनी मिळून दर पाच वर्षांनी एका भावकीच्या भांडणाचा निकाल लावायचा. पक्ष बदलतात. अर्चनाताई भाजपातून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आल्या त्या ऐन निवडणुकीच्या तोंडावर, तिकिटासाठी. गावात याला कुणी नावं ठेवली नाहीत. गावाला सवय आहे. वाडा तोच, फक्त झेंडा नवा.

आता कुणी म्हणेल, जागा खुली झाली म्हणून हे झालं, राखीव होती तेव्हा बरं होतं. आपल्यातले शिकलेले हे फार म्हणतात. म्हणून राखीवचाही हिशेब मांडू. १९७७ ते २००४, नऊ निवडणुका उस्मानाबाद राखीव होता. तुकाराम शृंगारे, त्र्यंबक सावंत, अरविंद कांबळे, शिवाजी कांबळे, कल्पना नरहिरे. काँग्रेस, काँग्रेस, मग शिवसेना, मग काँग्रेस, मग पुन्हा शिवसेना. नऊ वेळा आपल्यातलाच माणूस दिल्लीला गेला आणि नऊ वेळांत एकदाही चळवळीचा माणूस गेला नाही. निळ्या झेंड्याचा एकही नाही. माणूस आपल्यातला, तिकीट त्यांचं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली, विहिरीत रॉकेल पडलं, माणसं मारली गेली, गावंच्या गावं रानात जाऊन बसली. त्या दिवशी उस्मानाबादची जागा राखीव होती. आपल्या जातींसाठी राखून ठेवलेली खासदारकी जागच्या जागी होती आणि खाली वस्त्या जळत होत्या. मी त्या एका माणसाला दोष देत नाही. तो जरी सिंह असता तरी त्याला निवडून देणारा शंभरातला चौऱ्याऐंशी मतदार दुसऱ्या बाजूचा होता. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात साडेसोळा लाख माणसं, त्यांत अनुसूचित जाती सोळा टक्क्यांच्या आसपास. राखीव जागेवर उभा कोण राहतो ते कायदा ठरवतो, निवडून कोण येतो ते गाव ठरवतं. गावाला न दुखवणाराच येतो. बाबासाहेबांनी हे २४ सप्टेंबर १९३२ च्या आधी ओळखलं होतं, म्हणून तर वेगळा मतदारसंघ मागितला होता. तो येरवड्याच्या खाटेवर गेला. आणि १९५२ ला खुद्द बाबासाहेब मुंबईत उभे राहिले तेव्हा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पडले. ज्यानं घटना लिहिली तो पडला! ज्यांना अजून वाटतं की चांगला माणूस उभा केला की निवडून येतो, त्यांनी हा आकडाही ध्यानात ठेवावा.

शेजारी सोलापूर बघा. २०१९ ला तिथल्या राखीव जागेवरून जयसिद्धेश्वर स्वामी निवडून आले. २०२० साली जात पडताळणी समितीनं त्यांचा दाखला अवैध ठरवला. प्रकरण हायकोर्टात गेलं, स्थगिती मिळाली, आणि खासदारकीची पाच वर्षं आरामात पूर्ण झाली. आपल्या पोरांना मात्र बारावीनंतर व्हॅलिडिटीचा एक कागद नसला तर ॲडमिशन रद्द.

ही झाली वरची गोष्ट. पण मला लिहायचंय ते खालचं.

निकाल लागला की तुम्ही टीव्हीवर जे बघता तो निकाल नव्हे. तो मुंबईचा निकाल. गावाचा निकाल वेगळा असतो. गावाचा निकाल बूथनिहाय असतो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा पेट्या उघडून वेगवेगळ्या बूथांच्या मतपत्रिका एकत्र कालवून मोजायची तरतूद नियमात होती. निवडणूक संचालनाच्या नियमांतला ५९ अ. हेतू हाच की कुठल्या वस्तीनं कुणाला मत दिलं ते कुणाला कळू नये. मग मशिन आली. २००४ ची लोकसभा सगळी मशिनवर झाली. मशिन काही कालवत नाही. एका बूथची एक मशिन, तिचा वेगळा आकडा, मोजणीच्या टेबलाशी बसलेला एजंट तो कागदावर उतरवून घेतो, आणि नंतर फॉर्म २० नावाच्या तक्त्यात तो सगळ्या जगासाठी छापून येतो. बूथ नंबर, उमेदवार, मतं.

शहरात याला काही अर्थ नाही. धारावीतल्या हजार-बाराशे मतांच्या बूथात कोण कुठला, कुणाला पत्ता लागतो? पण खेड्यात दोन बूथ असतात. एक गावातला, झेडपीच्या शाळेच्या पहिल्या खोलीत. दुसरा मागच्या खोलीत, आणि त्या यादीत आमचा राजवाडा, मांगवाडा, पारध्यांची चार घरं आणि मळ्यातली थोडी मंडळी. म्हणजे मत गुप्त, पण वस्ती उघडी. गोदीत बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक पेटीवर मार्का असतो. पेटीत काय आहे ते आम्हाला दिसत नाही, पण कुणाची आहे ते लांबूनच कळतं. आमचं मत तसं मार्का मारून मशिनीत जातं.

माझ्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहून मी मुंबईत सुखरूप राहीन, निस्तरावं लागेल तिथल्या माणसांना. निकालाच्या संध्याकाळी अजून गुलाल वाळला नव्हता तोवर बूथाचा आकडा पारावर आला होता. कोण किती, सगळं. आणि गावातल्या ज्या पुढाऱ्याचा उमेदवार पडला होता त्यानं आवाज न चढवता सगळ्यांदेखत तो वाचून दाखवला. शिवी नाही, मारहाण नाही, ॲट्रॉसिटी लागेल असा एक शब्द नाही. फक्त आकडा वाचला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढं महिनाभरानं माझा चुलता घरकुलाच्या यादीचं विचारायला गेला, तर त्याला सांगण्यात आलं, "तुमच्या बूथाला इचार की." नळाला पाणी सोडायची पाळी बदलली आणि आमच्या वस्तीची पाळी रात्री दोन वाजता आली. रोजगार हमीच्या मस्टरवर नावं येईनात. एकेक गोष्ट वेगळी घेतली तर तक्रार करण्यासारखी नाही. पाणी तर येतंय ना, दोन वाजता का होईना.

आजीनं मला विचारलं, "बाळा, मशिनीचं पोट फाडून बघत्यात काय रं?"

मी म्हणालो, "फाडायची गरज नाही आजी, मशिन आपणहून बोलती."

"मग ते बटन दाबायच्या येळंला पडदा कशापायी लावत्यात?"

हा प्रश्न निवडणूक आयोगाला पडला नव्हता असं नाही. २००८ साली आयोगानंच टोटलायझरचा प्रस्ताव सरकारला दिला. हे यंत्र बऱ्याच मशिनींची मतं एकत्र जोडून एकच बेरीज दाखवतं, म्हणजे कुठल्या बूथवर काय पडलं ते कळत नाही. २०१५ साली विधी आयोगानं आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं ते मानलं नाही. सरकारचं म्हणणं असं की बूथनिहाय आकडे कळले तर कुठं आपलं काम कमी पडलं ते पक्षांना कळतं. किती गोड! काम कमी पडलं ते शोधून तिथं जास्त काम करणारा पक्ष मला दाखवा, मी त्याच्या सतरंज्या उचलतो. आणि याबद्दल विरोधी पक्षांनीही मोर्चा काढलेला मी पाहिला नाही. मशिन हॅक होते यावर दिल्लीपासून गल्लीपर्यंत बोंब, पण मशिन चुगली करते यावर कुणी बोलत नाही. कारण ती चुगली सगळ्यांनाच हवी आहे. ज्याच्या हातात कारखाना, बँक, सोसायटी, ग्रामपंचायत त्या प्रत्येकाला कळायला हवं की गड्यानं कुणाला मत दिलं.

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत अलाबामा नावाचं एक राज्य आहे, कापसाचं, खेड्यांचं. त्यात लाउंड्स नावाची एक काउंटी, आपल्या तालुक्याएवढी समजा. १९६५ सालच्या सुरुवातीला तिथं शंभरातली ऐंशी माणसं काळी होती आणि मतदारयादीत काळं नाव एकही नव्हतं. त्या वर्षी सेल्मा ते माँटगोमेरीचा मोर्चा त्याच रस्त्यानं गेला, ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला, आणि लोकांनी नावं नोंदवायला सुरुवात केली. ज्यांनी नावं नोंदवली त्यांना मळ्याच्या मालकांनी खोपटांतून बाहेर काढलं. पिढ्यान्‌पिढ्या वाट्यानं शेती करणारी माणसं पोराबाळांसकट हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. तिथं त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. त्यात मदतीला स्टोकली कारमायकल आणि त्याचे विद्यार्थी दोस्त होते. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असायची, उघड, मतपत्रिकेवर. त्या कोंबड्यापुढं यांनी चिन्ह घेतलं काळा बिबळ्या.

पँथर आली ती इथून. आधी निवडणुकीचं चिन्ह म्हणून, एका खेडवळ काउंटीत, निरक्षर माणसाला ओळखता यावं म्हणून. बंदूक आणि काळी टोपी नंतर. १९६६ च्या ऑक्टोबरात ऑकलंडच्या पोरांनी तेच चित्र उचललं आणि १९७२ ला मुंबईतल्या आपल्या पोरांनी नाव उचललं. आपण पोस्टरवर जबडा छापतो, पण त्या जबड्याखाली मतपत्रिका होती हे कुणी सांगत नाही.

आणि निकाल? नोव्हेंबर १९६६ ला बिबळ्याचे सगळे उमेदवार पडले. मळ्यावरच्या काळ्या मजुरांना मालकांनी गाड्यांत भरून आणलं आणि कोंबड्यावर मतं पाडून घेतली. ऐंशी टक्के असून पडले, कारण पोट दुसऱ्याच्या हातात होतं. चार वर्षांनी, १९७० ला, त्यांच्यातला जॉन ह्युलेट त्याच काउंटीचा शेरीफ झाला. ज्या खात्याच्या पट्ट्याखाली आज्या-पणज्या मेल्या त्या खात्याचा मुख्य. मधल्या चार वर्षांत त्यांनी काय केलं? तंबू सोडले नाहीत. जमिनीचे तुकडे मिळवले, घरं बांधली, यादीत नावं घालत राहिले. घोषणा आपल्याकडं पोचल्या. तंबू पोचले नाहीत.

आपल्याकडचा तंबू म्हणजे गायरान. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले, माणसांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरान अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. त्यानंतर किती सरकारं आली! अजून आमच्या भागात माणसं त्या तारखेच्या पावत्या, पीकपेऱ्याचे उतारे, दंडाच्या नोटिसा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगून ठेवतात. २०२२ ला हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा त्या पिशव्या पुन्हा खाली आल्या. लोकसभेच्या प्रचारात संविधानाची लाल प्रत हातात धरून सभा झाल्या. चांगलं झालं. पण त्यातल्या किती जणांनी सातबारा हातात धरला?

संविधान वाचवायला वस्ती धावली, आणि का धावली हे मला कळतं. चारशे पार, चारशे पार ऐकून पोटात गोळा आला होता. माझी आजी बटन ओळखत नाही, पण तिला एवढं कळलं होतं की बाबासाहेबांनी लिहिलेलं कुणीतरी पुसणार आहे. मराठवाड्यातल्या आठ जागांत भाजपला एकही मिळाली नाही. राज्यात अठ्ठेचाळीसपैकी तीस जागा महाविकास आघाडीला. या मतांना मी कमी लेखत नाही. पण त्याची किंमत कुठं चुकती झाली? किंमत वस्तीनं दिली, रात्री दोनच्या पाण्यात. पावती दुसऱ्यानं घेतली.

वंचितचं बोलू. नाही बोललो तर तुम्ही म्हणाल घाबरला. २०१९ ला वंचितच्या उमेदवाराला उस्मानाबादेत अठ्ठ्याण्णव हजारांवर मतं होती. २०२४ ला तेहतीस हजारांच्या आसपास. पाच वर्षांत पासष्ट हजार माणसं उठून दुसरीकडं गेली. याला गद्दारी म्हणणारे आपल्यात आहेत आणि २०१९ च्या मतांना बी-टीम म्हणणारेही आपल्यातच आहेत. दोघांचाही माज मला पटत नाही. तीच आजी, तोच चुलता, २०१९ ला एक बटन, २०२४ ला दुसरं. दोन्ही वेळा त्यांना शहाणपण होतं. २०१९ ला आपलं म्हणून दिलं, २०२४ ला वाचायचं म्हणून दिलं. चूक कुणाची असेल तर ती त्या पक्षांची, ज्यांना निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी राजवाड्याचा रस्ता आठवतो. त्यात आपलेही आले. पाच वर्षांत वस्तीत एक वाचनालय नाही, एक वकील नाही, घरकुलाच्या यादीसाठी बीडीओच्या दारात बसणारा एक कार्यकर्ता नाही, आणि मग मतं का घटली यावर चिंतन शिबिर. तेही लोणावळ्याला.

बहिष्काराचाही इतिहास आपल्याला आहे. जानेवारी १९७४, मुंबईतली लोकसभेची पोटनिवडणूक. वरळीत दंगल, पोलीस सवर्णांच्या बाजूनं, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव गेला. पँथरनं मतदानावर बहिष्कार टाकला आणि काँग्रेसचे रामराव आदिक पडले, रोझा देशपांडे निवडून आल्या. पोरांनी एका मोठ्या पक्षाला जमिनीवर आणलं. ते मुंबईत झालं कारण मुंबईत मिल होती, गोदी होती, चाळ होती. पोट एका सावकाराच्या हातात नव्हतं. खेड्यात हा बहिष्कार टाकला तर बूथवर शून्य दिसेल आणि शून्याचीही किंमत वसूल होईल.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. दिवाळी संपली होती. आमच्याकडं दिवाळी संपली की कोयते निघतात. कळंब, वाशी, भूम, परंडा, या पट्ट्यातली माणसं उचल घेतलेली असतात, मुकादमाचा ट्रक येतो, नवराबायको मिळून एक कोयता, आणि पोरं, शेळ्या, चुलीचे दगड सगळं त्यात चढतं. मताच्या दिवशी ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात. मत देता येत नाही असा कायदा नाही. पण उचल घेतलेला माणूस फड सोडून मताला येतो म्हणाला तर खाडा कोण भरणार? मोठ्या पुढाऱ्याला हवा असतो तेव्हा तोच ट्रक त्याच माणसांना घेऊन परतही येतो, आणि मग बटन कुठलं दाबायचं ते मुकादम रस्त्यात सांगतो. आला नाही तरी त्यांचा फायदा, आला तरी त्यांचाच.

त्या निकालात जिल्ह्याच्या चार जागा दोन-दोन वाटल्या गेल्या. उस्मानाबाद आणि उमरगा ठाकरेंच्या सेनेला, तुळजापूर भाजपच्या राणाजगजितसिंहांना, परंडा शिंदेंच्या सेनेच्या तानाजी सावंतांना. सहा महिन्यांपूर्वीचं सव्वातीन लाखांचं लीड कुठं विरघळलं? उमरगा राखीव आहे, तिथं ज्ञानराज चौगुले तीन वेळा निवडून आलेले, ते ३,९६५ मतांनी पडले. परंड्यात फरक फक्त १,५०९. दीड हजार! सव्वातीन लाखांच्या लीडमध्ये आमची वस्ती कुणाला दिसत नाही, पण दीड हजारांच्या फरकात दहा गावांच्या वस्त्या फडात गेल्या का घरी होत्या यावर आमदार ठरू शकतो. परंड्यात तसं झालंच, असं मी म्हणत नाही. पण एवढं कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, मॅट्रिक पुरे.

आणि हे कळलेले लोक आपल्याला फोडतात. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला. त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्हीकडं बोलण्यासारखं आहे, आणि ज्या मातंग पोरानं घरात पहिली नोकरी पाहायची आहे त्याला तू गप्प बस म्हणायचा मला अधिकार नाही. पण नोव्हेंबरच्या प्रचारात त्या निकालाचा कोर्टातला अर्थ कुणी सांगितला नाही. राजवाड्यात येऊन सांगितलं की ते तुमचं खाणार आहेत आणि मांगवाड्यात जाऊन सांगितलं की यांनी तुमचं खाल्लं. आमच्या गावात दोन्ही वाड्यांत वीस पावलांचं अंतर. बूथ एक, रात्री दोनचं पाणी एक. आणि निकालाच्या रात्री त्यांच्यातल्या किती जणांनी कुणाला मत दिलं याचा हिशेब आमची निळी टिकली लावणारी पोरं करत होती. पुढाऱ्याला पारावर कागद वाचायची गरज काय उरली?

फेब्रुवारी १९४१ ला बाबासाहेब याच भागात, कसबे तडवळ्याला आले होते. परिषदेचं नाव होतं महार-मांग वतनदार परिषद. नाव पुन्हा वाचा. त्या गावी दरवर्षी अभिवादनाला माणसं जातात, हार घालतात, सेल्फी काढतात. परिषदेच्या नावातल्या त्या दोन शब्दांमधली आडवी रेघ कुणाच्या फोटोत येत नाही.

जिल्ह्याच्या नावाचंही एकदा सांगून टाकतो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं गेली, आणि अखेर १४ जानेवारी १९९४ ला मिळालं ते नामांतर नव्हे, नामविस्तार. उस्मानाबादचं धाराशिव २०२२ ला मंत्रिमंडळात ठरलं, २०२३ ला शिक्का बसला. कुणाचं घर जळलं नाही, कुणाची विहीर बाटली नाही. मला धाराशिव नावाचं वावडं नाही, आजी पहिल्यापासून धाराशिवच म्हणते. मात्र मतदारसंघ २०२४ च्या सरकारी कागदावर उस्मानाबादच होता. आणि ज्याला निती आयोगानं २०१८ ला आकांक्षित जिल्हा म्हणून यादीत घातलं, म्हणजे सभ्य भाषेत मागासलेला, त्याच्या नळाला नाव बदलल्यानं पाणी आलेलं नाही.

तेव्हा आपली मागणी साधी आहे आणि या अंकापासून ती लावून धरायची आहे. मतं कालवून मोजा. बूथचा आकडा पारावर येता कामा नये. ज्या पक्षाला आमची मतं हवीत त्यानं आधी टोटलायझरवर बोलावं. संविधानाची प्रत नंतर दाखवावी. आणि जोवर हे होत नाही तोवर वस्तीला एकटीनं त्या आकड्याला तोंड द्यावं लागू नये, हे काम मुंबई-पुण्यातल्या आपलं आहे.

म्हणून ज्यांचं गाव मागं आहे त्या प्रत्येकानं फॉर्म २० काढावा. जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या कागदांत तो मिळतो. आपला बूथ नंबर बघावा, २०१९ आणि २०२४ चे आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. मग गावी फोन करून विचारावं : निकालानंतर घरकुलाच्या यादीत काय झालं, मस्टरवर नावं आहेत का, गायरानाची नोटीस आली का, नळाची पाळी किती वाजता. राजवाड्यातल्या एकाला विचारा आणि मांगवाड्यातल्या एकाला विचारा. गावाचं नाव आम्ही छापणार नाही, तालुका छापू. पत्रं पोस्टकार्डावर आली तरी चालतील, फोनवर सांगितलं तरी मी पाळी संपल्यावर उतरवून घेईन. कळंबचं पत्र माझंच आहे, ते पहिलं. पुढच्या अंकात भूम, परंडा, वाशी, लोहारा, उमरगा, तुळजापूरचं यायला हवं.